विहिरीला विचारून बांधलेला कोपरा

आमच्या शिबिर केंद्राच्या नव्या इमारतीचं भूमिपूजन वैशाखात झालं. केंद्र मूर्तिजापूरच्या जवळ, शेतांच्या मधोमध आहे. लोक इथे दोन-तीन दिवस राहायला येतात, परिसंवाद करतात, दुपारच्या सत्रात डुलक्या घेतात आणि ठराव करून परत जातात. जुन्या इमारतीतल्या आठ खोल्या पुरेनाशा झाल्या, म्हणून तिला लागून बारा खोल्या आणि एक जेवणघर वाढवायचं ठरलं. मी अमरावतीचा निवृत्त प्राध्यापक आणि बांधकाम समितीचा सचिव. सचिव म्हणजे ज्याच्या सहीशिवाय काम पुढे सरकत नाही आणि ज्याला भाषण करायला कोणी सांगत नाही, असा माणूस. पद मला मानवतं.

भूमिपूजनाला अध्यक्षांच्या नावाची संगमरवरी कोनशिला बसवायची होती. इमारत जिथे होणार तिथे ऊन होतं. मंडप फाटकाजवळ होता. त्यामुळे कोनशिला मंडपात बसली. त्यासाठी आदल्या दिवशी काळ्या मातीवर सरळ विटा मांडून एक चौथरा केला होता. शाली झाल्या, नारळ झाले, अध्यक्षांनी चकचकीत थापीने सिमेंटचा एक थेंब लावला आणि तीनदा फोटोसाठी लावला.

मिस्त्री मागे उभे राहून हे बघत होते. ते अकोटचे, साठीच्या पुढचे. आयुष्यभर जिनिंगची गोदामं आणि मशिदींचे ओटे बांधत आलेले.

"सर, दगडाले पाया नाई दिला," ते माझ्या कानाशी म्हणाले.

"अहो, नुसता दगड आहे तो."

"नाव त साहेबाचं हाय ना त्याच्यावर?"

मी हसलो आणि विसरलो.

आठवड्याभरात कॉलमचे खड्डे सुरू झाले. नकाशात सगळीकडे सहा फूट लिहिलेलं होतं. बहुतेक खड्ड्यांना सहा फुटांच्या आतच पिवळट, घट्ट मुरूम लागला. ईशान्येच्या कोपऱ्यातल्या चार खड्ड्यांत मात्र सहा फुटांवरही काळीच माती होती. मिस्त्रींनी काम थांबवलं. मी पोहोचलो तेव्हा ते खड्ड्याच्या काठावर बसून पाण्याच्या बादलीत मातीची ढेकळं टाकत होते. काळं ढेकूळ बघता बघता फुगलं आणि विरघळलं. मुरमाचा तुकडा तळाशी तसाच्या तसा पडून राहिला.

"हे अशी माती हाय सर. पावसात फुगते, उन्हात फाटते. हिच्यावर ना घर राहते, ना नाव."

"मुरूम किती खाली असेल?"

"मले काय मालूम? विहिरीले विचारू ना."

कुंपणापलीकडच्या शेतात, त्याच कोपऱ्याला लागून एक जुनी, न बांधलेली विहीर आहे. शेताची मालकीण वावरात तुरीची धसकटं वेचत होती. मिस्त्रींनी तिला हाक मारली, "काकू, तुमच्या विहिरीत जरा डोकावतो!"

"डोकवा, पडू नका फक्त. मंग मलेच बोलतीन सारे."

मी पुस्तकं वाचण्यात पन्नास वर्षं घालवली, पण विहीर वाचली नव्हती. आत वाकून पाहिलं तर सगळं उघड लिहिलेलं होतं. वरून खोलवर काळा थर, त्याखाली पिवळा. मिस्त्रींनी दोरीला दगड बांधून आत सोडला आणि मापलं. काळा थर दहा फुटांना संपत होता.

आता हे सगळं मला का झोंबलं ते सांगायला हवं. जुन्या इमारतीतली खोली क्रमांक चार. तिच्या भिंतीत खिडकीपासून छतापर्यंत एक भेग आहे, उन्हाळ्यात करंगळी जाईल एवढी. दर वर्षी आम्ही ती बुजवतो आणि दर वर्षी ती पुन्हा उघडते. राहायला येणारे तीत कार्यक्रमपत्रिका कोंबतात. एका विद्वानांनी स्वतःचा निबंध कोंबला होता, आणि त्या निबंधाचा तेवढाच उपयोग झालेला मी पाहिला. तो पायाही एका कोपऱ्यात काळ्या मातीतच थांबवला होता, उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून. ती सहीही माझीच होती.

या वेळी अध्यक्षांनी दिवाळीनंतरच्या परिषदेची तारीख जाहीर करून टाकली होती. चार फूट आणखी खणायचे तर तीन आठवडे जाणार आणि मध्येच पाऊस गाठणार. समितीच्या बैठकीत ते म्हणाले, "सचिवमहोदय, नकाशात सहा फूट आहे. अभियंत्याने काढलेला नकाशा आहे. तुम्ही सही करा."

"अभियंत्यालाही फोन केला होता. तो म्हणाला, मुरूम लागेपर्यंत खणा, सहा हा अंदाज होता."

"तुम्ही इतिहास शिकवत होतात ना? स्थापत्यशास्त्र कधीपासून?"

"विहिरीत डोकावलो तेव्हापासून," मी म्हणालो. "सही मी विहिरीपाशी करीन. आपणही चला."

इतकं सरळ मी त्यांच्याशी आयुष्यात बोललो नव्हतो. ते आले ते बहुधा आश्चर्यानेच. कडक इस्त्रीचा झब्बा सावरत त्यांनी आत पाहिलं. शेताची मालकीण बांधावरून बोलली, "माह्या सासऱ्यानं खणली हे. दहा फूट त नुसती कायी माती. मुरूम लागला त्या दिवशी गूळ वाटला होता." मिस्त्री म्हणाले, "साहेब, सहा फुटावर थांबायचं असन त थांबा. मी अकोटले जातो. दुसरा मिस्त्री पाहा."

अध्यक्षांनी पुन्हा एकदा वाकून तो काळा थर पाहिला. मग म्हणाले, "खणा. पण परिषद पुढे ढकलल्याचं मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

मी सांगितलं. चार ओळींचं पत्र, कारणासकट. कोणाला काही वाटलं नाही. दोघांनी तर आनंद कळवला.

मुरूम दहा फुटांच्या जरा खाली लागला. मिस्त्रींनी त्या दिवशी गूळ आणला, आणि काकूंच्या घरी आधी पाठवला.

मग पाऊस आला, आणि श्रावणात एक गोष्ट घडली. कोनशिला झुकली. फाटकातून येताना ती सरळ दिसायची, आता ती अध्यक्षांच्या नावासकट एका खांद्यावर कलली होती, लांबलेलं भाषण ऐकणाऱ्या श्रोत्यासारखी. नव्या इमारतीचं जोतं मात्र जागचं हललं नव्हतं. भिंती चढल्या, स्लॅब ओतला गेला. स्लॅबच्या दिवशी अध्यक्षांनी सांगितलं की पायाच्या बाबतीत आपण कधीही तडजोड करीत नाही. मी टाळ्या वाजवल्या. वाक्य आता खरं होतं, त्यामुळे काही अडचण नव्हती.

मिस्त्रींनी ईशान्येच्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यावर, काचेची एक बारीक पट्टी प्लास्टरने चिकटवली आहे. भिंत केसभर हलली तरी काच तडकते. तशीच एक पट्टी त्यांनी खोली क्रमांक चारच्या भेगेवरही लावली होती. ती पावसाळ्यातच तडकली. नवी अजून अखंड आहे.

"हे काय लावलंय?" अध्यक्षांनी परवा विचारलं.

"साहेब, हे माही कोनशिला," मिस्त्री म्हणाले.

अध्यक्ष चक्क हसले. मग त्यांनी विचारलं, "मग त्या फाटकाजवळच्या दगडाचं काय करू या?"

"सरळ करून देतो. उन्हाळ्यात पुन्हा झुकन. नाईतर या कोपऱ्याच्या भिंतीत बसवतो. फाटकातून नाई दिसनार, पण उभा राहीन."

अध्यक्षांना फाटक आणि भिंत यांत निवड करायला चहाचा एक पूर्ण कप लागला. शेवटी त्यांनी भिंत निवडली.

"आता झालं ना पक्कं?" मी मिस्त्रींना विचारलं.

"उन्हाळा जाऊ द्या सर. जमीन फाटते तवा कळते."

खरं आहे. म्हणून मी येत्या वैशाखात चार दिवसांसाठी ती ईशान्येची खोली माझ्या नावावर राखून ठेवली आहे. खाट काचेच्या पट्टीखाली लावायला सांगितलं आहे. सोबत पुस्तकं नेईन, कागद कोंबायला लागतील असं वाटत नाही.