बरगडी काढायची का ठेवायची

थांबा, हे आत्ताच सांगायले पायजे, नाहीतर माहं पोट फुटून जाईल. आज सकाळी मी माही वेणी माह्या हातानं घातली. पूर्ण! वरून खालपर्यंत, रबर लावून. आई स्वयंपाकघराच्या दारात झारा धरून उभीच राहिली, फरशीवर तेल गळून राहिलं होतं, तिले पत्ताच नाही.

तुमाले वाटन, वेणी घातली त काय मोठा तीर मारला. म्हणून सुरुवातीपासून सांगते.

आमी रुआबांध्याले राहतो. बाबा स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवतात, आई घर चालवते, आन् आमाले दोघाले पण तीच चालवते. मी कोहक्याच्या एका कोचिंगमध्ये नोट्स टाइप करते आन् बाकीच्या वेळात सरकारी नोकरीच्या टायपिंग टेस्टची तयारी. स्पीड चांगली आहे माही. मागच्या वर्षी उजव्या हाताच्या करंगळीले आन् बाजूच्या बोटाले मुंग्या यायले लागल्या. मग मानेपासून कोपरापर्यंत दुखणं. हात वर केला का दोन मिनिटात सुन्न. दोरीवर कपडे टाकता येईना, वेणी घालता येईना. आई रोज घालून दे आन् रोज ऐकवे, "चोवीस वर्साची घोडी झाली, वेणी अजून माह्याकडून. सासरी मले संगं नेतं का?"

मानेचा पट्टा लावला. मानेचा एमआरआय काढला, मान एकदम साफ. हाडाचे डॉक्टर म्हणे नसेचं आहे. नसेचे डॉक्टर म्हणे नसेची तपासणी त बरोबर आली, हाडवाल्याले दाखवा. बाबा म्हणे, "आमच्याइकडे असंच होते. क्रेन अडकली का मेकॅनिकलवाला म्हणते इलेक्ट्रिकलचं काम, इलेक्ट्रिकलवाला म्हणते मेकॅनिकलचं."

"मंग क्रेनचं काय होते?"

"लटकून राहते, बेटा. तुह्यासारखी."

शेवटी दुर्गच्या एका डॉक्टर मॅडमनं नाव सांगितलं. गळ्याच्या हाडाखाली आन् पहिल्या बरगडीच्या वर एक लहानशी जागा असते, तिथून हाताच्या नसा जातात. माह्या नसा तिथंच दबून राहिल्या होत्या. थोरॅसिक आउटलेट म्हणतात त्याले. मॅडम म्हणे, "हे सगळेच नाही पाहत. ज्यानं हे ऑपरेशन खरंच केलं आहे, असा सर्जन शोधा."

शोधला. रायपूरचे सर्जन चांगले होते, प्लास्टिकच्या सापळ्यावर दाखवलं. ही पहिली बरगडी काढून टाकू, नसांले जागा मोकळी. दोन महिन्यानंतरची तारीख पण देऊन टाकली. बाबा एकदम खूश, "जो पार्ट अडकते, तो काढून टाकाचा. सिंपल!" मी पण खूश. घरी आल्यावर ध्यानात आलं, मेन गोष्ट त विचारलीच नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला, घाबरत घाबरत. सर, तुमी अशा किती बरगड्या काढल्या? ते चिडले नाही. म्हणे, फार नाही, थोड्याच. आन् सोताच म्हणे, नागपुरात छातीचे एक सर्जन आहेत, ते हेच करतात, त्याईले एकदा दाखवून घे, तोवर तारीख राहू देऊ.

बाबा म्हणे, नागपूरले जायचं त रजिस्टर पायजे. क्रेनवाले शिफ्ट सुटताना रजिस्टरमध्ये लिहितात, क्रेन कशी चालली, काय बिघडलं. पुढचा ते वाचून, सही करून चार्ज घेते. बाबानं लांब वही आणली, रेघा मारल्या, ए शिफ्ट, बी शिफ्ट, सी शिफ्ट. "हाताचं रोज लिहीत जा." मी महिनाभर लिहिलं. इमानदारीनं, असं मलेच वाटत होतं.

नागपूरचे डॉक्टर वही उघडून पानं पलटत राहिले. "बेटा, हे त सगळं नॉर्मल लिहिलं आहे. मग ऑपरेशन कशासाठी करायचं?"

मी वाकून पाहिलं. नॉर्मल. नॉर्मल. थोडं दुखलं. नॉर्मल. ओ माय!

"तुम्ही नॉर्मल कशाला म्हणता?" डॉक्टरनं विचारलं.

मी बाबाकडे पाहिलं. बाबानं गळा साफ केला. "साहेब, आमच्याइकडे क्रेन बंद नाही पडली का नॉर्मल लिहितात. आवाज करो, हलो, झटके देवो. शिफ्ट निघाली न, मंग नॉर्मल. नाहीतर पुढचा चार्जच नाही घेत."

डॉक्टर हसले. मग म्हणे, दोन्ही हात वर कर, मुठी उघड-बंद करत राहा, तीन मिनिटं. एक मिनिट झालं असंन, उजवा हात आपोआप खाली आला. मांडीवर पडला, पांढरा पडलेला. "कसं वाटतं?" त्याईनं विचारलं.

आन् माह्या तोंडातून काय निघालं? "ठीक आहे."

बाबा खुर्चीवरून उठलेच. "ठीक नाही आहे, साहेब," ते म्हणाले. आवाज वेगळाच होता त्याईचा. "लिहा तुमी. ठीक नाही आहे."

डॉक्टरनं पकड पाहिली, बोटं पाहिली. ताकद पुरी होती, हात कुठं सुकला नव्हता. म्हणे पंधरा दिवस नव्यानं लिहून आण, नॉर्मल शब्द बंद. किती दुखलं आन् तेव्हा तू काय करत होतीस, दोन्ही.

लिहिलं. पानंच्या पानं भरली यार, मले सोताले रडू आलं वाचून. पण एक गंमत दिसली. रविवारची पानं जवळपास कोरी. रविवारी कावून दुखत नाही? रविवारी कोचिंगची जड बॅग उजव्या खांद्यावर नसते. रविवारी घरच्या उंच टेबलावर खांदे कानापर्यंत चढवून टायपिंगची प्रॅक्टिस पण नसते.

दुसऱ्या खेपेले डॉक्टरनं त्या दोन रविवारांवर बोट ठेवलं. "ऑपरेशन आज नको. कधीच नको, असं नाही म्हणत. आधी तीन महिने व्यायाम, नीट शिकून. पण पकड कमी झाली किंवा बोटं सुकायला लागली, तर एक दिवस थांबायचं नाही."

परत येताना गाडीत माहं डोकं फिरून राहिलं होतं. तीन महिने वाया गेले त? टेस्ट आली त? बरगडी काढून टाकली त लवकर मोकळी होईन का? बाबा खिडकीतून पाहत म्हणे, "काढलेली बरगडी परत बसवता नाही येत. थांबून पाहू." हेच ते सिंपलवाले बाबा! मी रायपूरची तारीख सोडली. ते सर्जन म्हणे, बरं केलं, कळवत राहा.

मग दुर्गची फिजिओवाली दीदी. खांदा चढला का तिचा आवाज येते, "धीरे नोनी, धीरे. खांदा झन उठा." नोनी म्हणजे पोरी, झन म्हणजे नको. श्वास पण नव्यानं शिकली मी, छातीतून नाही, पोटातून. बॅग आता स्कूटीच्या डिक्कीत. बाबानं टेबलाचे पाय चार बोटं कापले, तेव्हा आई ओरडली, "माह्या माहेरचा टेबल होता तो!"

"पोट्टी पण माहेरावरच गेली तुह्या," बाबा म्हणे, "तिचे खांदे पण खाली आणायचे आहेत."

सहा हप्ते काहीच नाही झालं. काहीच नाही! वहीत एकच, जसंच्या तसं. मग मुंग्या थोड्या उशिरा यायले लागल्या. मग अजून उशिरा. आन् आज, अकराव्या हप्त्यात, वेणी. मधात एकदा हात खाली केले, श्वास घेतला, परत वर.

आईनं झारा ठेवला, वेणी हातात घेऊन पाहिली. "वाकडी आहे." मग नाक ओढलं. "राहू दे. सोडू नको."

बाबा तेव्हाच रातची ड्यूटी करून आले. त्याईनं वही पुढं केली. मी लिहिलं, वेणी घातली, एकदा थांबली, करंगळीत थोड्या मुंग्या अजून आहेत. बाबानं वाचलं आन् खाली सही केली, चार्ज घेतात न, तशी. मग जेवायले बसले.

पुढच्या हप्त्यात परत नागपूर. बरगडी ठेवायची का काढायची, ते अजून पक्कं नाही. पण आता जे होईल ते खरं सांगून होईल, म्हणून भेव नाही वाटत.

आता तुमी सांगा. हात खाली पडून राहिला आहे आन् डॉक्टरसमोर तोंडातून "ठीक आहे" निघालं, असं तुमच्यासोबत पण झालं का?