पाणी बघणारी तोकिए

तोकिए कान्नो लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हापासून रोज सकाळी पाणी बघायला जायची. भातखाचरात पाणी किती, बांध कुठे फुटलाय, हे बघितल्याशिवाय तिला चहा गोड लागायचा नाही. पुढे अणुभट्टी फुटली, गाव रिकामं झालं आणि आम्हाला तात्पुरत्या खोल्यांत कोंबलं. तिथेही ही बाई सकाळी बूट चढवून गाड्यांच्या तळावर चक्कर मारायची.

"काय बघता?" मी विचारलं.

"डांबर. दुसरं काय आहे इथे?"

मग सरकारने तिच्या खाचरातली चार बोटं किरणोत्सारी माती खरवडली, काळ्या पिशव्यांत भरली आणि तिच्याच खाचरावर रचली. एकेक पिशवी टनाची. त्याही तात्पुरत्या. सहा वर्षं झाली. 'तात्पुरतं' हा शब्द ऐकला की अजून माझं डोकं फिरतं.

एकदा सभेत इवाकिरी नावाच्या तरुण अधिकाऱ्याने गावाचं चित्र लावलं. उपग्रहावरच्या रडारने काढलेलं, ढगांआडूनही दिसतं म्हणे. "पांढरं म्हणजे घरं, बांधकाम. हा कोपरा बघा किती उजळलाय. लोक परतताहेत. म्हणून इथलं काम झालं असं धरून, पिशव्या उचलायच्या यादीतून हा भाग काढलाय."

तो कोपरा तोकिएचा होता. ती उठली.

"बाळा, ती घरं नाहीत. पिशव्यांचे ढीग आहेत."

"आजी, चित्र खोटं बोलत नाही."

"चित्र नाही बोलत. तुला वाचता येत नाही. कधी पाय ठेवलायस तिकडे?"

त्याने वही उघडली. मग तिने विचारलं, "आणि पाण्याने भरलेलं खाचर कसं दिसतं?"

"काळं. सपाट पाण्यावरून रडारच्या लाटा पुढे निसटून जातात, परत येत नाहीत."

"पिशव्यांचं नोंदवून घेतो," असं म्हणून इवाकिरीने एक अक्षर न लिहिता वही मिटली. मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. तोकिएनेच माझी बाही धरून मला बसवलं.

मे महिन्यात ती कुदळ घेऊन आपल्या खाचरावर गेली. ढिगांच्या मधे एक मोकळा तुकडा उरला होता. ओढ्याचं पाणी तिने त्यात वळवलं. मग रोज दोन बस बदलून जायची, पाणी बघायची आणि संध्याकाळपर्यंत परत यायची. गुडघे सुजले तरी थांबली नाही.

पुढच्या सभेत नवं चित्र लागलं. तोच उजळ कोपरा आणि त्याच्या मधोमध एक लहानसा काळा चौकोन. इवाकिरीने त्याभोवती लाल वर्तुळ काढलं होतं.

"प्रगती चांगली आहे. फक्त इथे काहीतरी बिघडलंय, दुरुस्त करावं लागेल."

तोकिए जागेवरूनच बोलली. "ते माझं पाणी आहे. अख्ख्या गावात तेवढंच धड आहे. त्याला हात लावायचा नाही."