दार हललं, ओल राहिली

घराचं दार पश्चिमेकडून उत्तरेला नेणं हे किरकोळ काम आहे, असं माझं ठाम मत होतं. तेव्हा मी पारोळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. (सातवीचा उष्णतेचा धडा माझ्याकडेच होता, हे आधीच कबूल करून टाकतो.)

पावसाची झड थेट घरात यायची, म्हणून दार बोळाकडे न्यायचं ठरलं. रशीदभाई गवंड्यांनी नवं दार झकास बसवलं. जुनी जागा बुजवताना मात्र त्यांनी अटी घातल्या. भिंत दीड विटेची आहे, तेवढीच जाड भरायची. नव्या विटा जुन्या भिंतीत सांधायच्या. दगडी उंबरा काढून खाली वॉटरप्रूफ पावडर घातलेला सिमेंटचा थर द्यायचा आणि बाहेरची पायरी फोडायची. मी म्हणालो, एवढ्याशा भगदाडाला एवढा थाट कशाला? अर्धीच वीट भरा, आत कपाटाला कोनाडा मिळेल. पायरी राहू द्या, बसायला होते.

"सर, ओल येईल. थंडीत भिंत गार पडेल."

"विज्ञान मी शिकवतो, रशीदभाई."

मग ते मी सांगितलं तसं बांधून गेले.

पहिल्याच पावसाळ्यात पायरीवर पाणी साचलं आणि आतून भिंतीवर ओल उमटली. हुबेहूब जुन्या दाराच्या आकाराची, चौकटीसकट! नवं प्लास्टर आहे, वाळेल, असं मी सांगत राहिलो. दिवाळी झाली तरी वाळेना. मी त्यावर कॅलेंडर टांगलं, ते फुगलं. मग कोनाड्यात कपाट सरकवलं.

पौषात माझ्या वडिलांनी, आबांनी, आपली खाट त्या भिंतीपासून लांब ओढली आणि ते पाहुण्यांसमोर शांतपणे अहिराणीत म्हणाले, "दार तठे गयं, थंडी मातर आठेच शे."

मी माघार घेतली नाही. रोज सकाळी मफलर गुंडाळून त्याच कपाटाला टेकून पेपर वाचायला बसू लागलो. शिंका आल्या की तपकिरीचं नाव घ्यायचो. (मी तपकीर ओढत नाही.)

मग मेहुणीचं लग्न निघालं. माझी बायको सुशीला हिने कपाट उघडलं, तर शालूच्या घडीवर हिरवट बुरशी. ती ओरडली नाही. शालू माझ्या मांडीवर ठेवून तिने एवढंच विचारलं, "हा कितवीचा धडा?"

मी सायकल काढून रशीदभाईंकडे गेलो. चुकलो असं म्हणालो नाही; प्रयोग संपला, असं म्हणालो. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी पायरी फोडली, उंबरा काढला, थर दिला, दीड विटेची भिंत सांधून उभी केली आणि पुरती वाळल्यावरच प्लास्टर केलं. सुशीला माहेरच्या वहिनीचा उसना शालू नेसून लग्नाला गेली आणि विचारेल त्याला भिंतीचा सगळा इतिहास सांगून आली.

तेव्हापासून गावात कुणाला दार हलवायचं असलं की तो आधी माझ्याकडे येतो. मीही छाती पुढे काढून सल्ला देतो. येणारा तो सगळा नीट लिहून घेतो आणि काय काय करायचं नाही याची यादी म्हणून रशीदभाईंना नेऊन देतो.