गजब मॅडम

लेझरच्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाचे दागिने गजभिये मॅडम आधी उतरवून घेत. अंगठी, घड्याळ, बांगड्या, पैंजण, चकाकणारं जे असेल ते. स्टीलच्या कपाटावर जुनी सोलापुरी चादर टाकलेली आणि भिंतीवरच्या आरशाला उशीचा अभ्रा घातलेला असे. मग पेशंटला, त्याच्याबरोबर आलेल्या बायकोला, मला आणि शेवटी स्वतःला काळपट हिरवे गॉगल. दाराला आतून कडी. एवढं सगळं झाल्याशिवाय मशीनची किल्ली त्यांच्या एप्रनच्या खिशातून बाहेर येत नसे. एकदा एक आजीबाई साबण लावून हातातल्या बांगड्या काढता काढता म्हणाल्या, "लूटने का इतना शरीफ़ तरीक़ा तो हमने लखनऊ में भी नहीं देखा था." मॅडम खळखळून हसल्या, पण शेवटची बांगडी निघेपर्यंत थांबल्याच.

त्या मूळच्या भंडाऱ्याच्या. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे बदलीने लखनौला आलेल्या. जानकीपुरममध्ये तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांनी फिजिओथेरपीचं क्लिनिक काढलं होतं. 'गजभिये' हे आडनाव इथल्या जिभांना पेलेना, म्हणून लोकांनी त्यांना 'गजब मॅडम' करून टाकलं. त्यांनाही ते आवडलं असावं. फोन उचलून त्या स्वतःच म्हणत, "हाँ, गजब बोल रही हूँ."

मी फिजिओथेरपीचं शिक्षण संपवून नोकरी मागायला गेले, तेव्हा त्यांनी माझं आडनाव वाचून थेट मराठीत सुरुवात केली. माझे आईवडील अकोल्याचे, पण मी लखनौत जन्मलेली. घरी आई मराठीत विचारायची आणि मी हिंदीत उत्तर द्यायचे. इथेही तेच झालं.

"समजते ना तुला मराठी? मग बोलत काहून नाही?"

"आदत नहीं है, मैम."

"करून घे. पेशंट 'दर्द है' म्हणाला म्हणजे त्याने काहीच सांगितलं नाही. ठणकते का, चमक निघते का, मुंग्या येतात, की पार बधिर आहे? हे सगळे शब्द तुझ्याकडे पाहिजेत. आपल्या भाषेतले आणि त्याच्याही."

त्या दिवसापासून मी मोडक्यातोडक्या मराठीत बोलायला लागले. मॅडम चुका काढत नसत. फक्त फारच विचित्र वाक्य झालं, की "माय वं!" म्हणून कपाळाला हात लावत.

दुखणं कमी करायला कातडीवर सोडतात तो लेझरचा उजेड डोळ्याला दिसत नाही. दिसतो तो फक्त जागा दाखवणारा लाल ठिपका. म्हणून नव्या पेशंटला हे मशीन खेळण्यासारखं वाटतं. मॅडमचं म्हणणं उलट होतं. "दिसणाऱ्या उजेडाला डोळा आपसूक मिटतो. न दिसणारा उजेड चकाकत्या वस्तूवरून उलटला, की सरळ आत जाते आणि डोळ्याला पत्ताही लागत नाही." प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा दांडा, एका जागी कधी थांबू द्यायचा नाही, इस्त्रीसारखा फिरवत राहायचा, हेही त्यांनीच शिकवलं. आणि दर मिनिटाला विचारायचं, "गुनगुना है या गरम?" कोमट म्हणाला तर ठीक. गरम म्हणाला की हात उचलायचा.

लखनौजवळच्या बख्शी का तालाबकडून एक कुस्तीगीर खांदा धरून आला. बरोबर त्याची आई होती. शर्ट काढला तर दुखऱ्या खांद्यावर ठसठशीत काळ्या अक्षरांत 'पिंकी' गोंदलेलं. मॅडमनी मान हलवली. काळी शाई उष्णता शोषून घेते, कातडी भाजेल. पठ्ठ्या म्हणाला, "मैडम, हम सह लेंगे."

"तुम सह लोगे, पिंकी नहीं सहेगी," असं म्हणून त्यांनी पेनने त्या अक्षरांभोवती कुंपण आखलं. "इसके बाहर-बाहर से करेंगे."

एवढ्यात आईने शांतपणे विचारलं, "ये पिंकी कौन है?" पुढची दहा मिनिटं खोलीत लेझर चालला आणि त्या पैलवानाने मान वर केली नाही. वर्षभराने पिंकी स्वतः मिठाई घेऊन आली, सासूबरोबर.

पण मॅडम मला खऱ्या कळल्या त्या मास्टरजींच्या वेळी. मास्टरजी म्हणजे अमीनाबादचे म्हातारे शिंपी. वीस वर्षांची साखर, म्हणजे मधुमेह, आणि घोटा दुखत असे. मॅडमनी पहिल्याच दिवशी त्यांना डोळे मिटायला लावून पायाला कापूस आणि टूथपिक टेकवून पाहिलं होतं, मग गरम आणि गार पाणी भरलेल्या काचेच्या नळ्या. घोट्याखाली आतून कधी ठणके, पण वरून टोचलेलं, गरम-गार त्यांना काहीच जाणवत नव्हतं. त्यांच्या नावाच्या कागदावर मॅडमनी लाल शाईत लिहिलं: 'लेझर फक्त घोट्याच्या वर.'

त्या दिवशी बाहेर गर्दी होती आणि मॅडम दुसऱ्या पेशंटजवळ होत्या. मी कागद उघडलाच नाही. मास्टरजींनी पावलाकडे बोट दाखवलं, "आज यहाँ है, बिटिया." मी तिथे प्रोब फिरवू लागले. ते म्हणाले, "कुछ पता ही नहीं चल रहा, ज़रा बढ़ा दो." मी वाढवलं. संपवलं तेव्हा पावलावर रुपयाएवढा लालबुंद डाग होता. मी तो पाहिला. आणि काही न बोलता त्यांना मोजा चढवला.

संध्याकाळी क्लिनिक आवरताना मी एकाच टॉवेलची तिसऱ्यांदा घडी घालत होते. मॅडमनी एवढंच विचारलं, "का झालं?" मी सांगून टाकलं, हिंदीत, रडत. मी मशीन किती वाढवलं होतं आणि ते किती वेळ चाललं हे त्यांनी विचारलं, कागदावर उतरवून घेतलं, आणि पर्स उचलली.

"चल, अमीनाबाद."

रिक्षा बाजाराच्या तोंडाशी अडकली, तेव्हा त्या माझा हात धरून गर्दीतून चालू लागल्या. मास्टरजींचं घर दुकानाच्या वर होतं. जिना चढून त्या धापा टाकत म्हणाल्या, "मास्टरजी, हमसे ग़लती हुई है. पैर दिखाइए." मोजा काढला तर फोड आलेला. म्हाताऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. मुलगा मात्र भडकला. "किसने किया? नाम बताइए!"

मी तोंड उघडणार, तोच मॅडम म्हणाल्या, "क्लिनिक मेरा है. नाम मेरा लिखिए. ग़ुस्सा बाद में कीजिए, पहले डॉक्टर के पास चलिए." साखर असलेल्या पायावरची एवढीशी जखम पुढे पाऊल कापायची वेळ आणू शकते, हेही त्यांनी त्याला लपवाछपवी न करता सांगितलं. त्याच संध्याकाळी आम्ही सर्जनकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला लेझरसमोर बसवलं, गॉगल लावला आणि प्रोब माझ्या हातावर एकाच जागी धरला. थोड्याच वेळात मी हात झटकला.

"तुला ओढता आला," त्या म्हणाल्या. "मास्टरजीले नाही."

ड्रेसिंगला रोज आम्ही दोघी जात होतो. पहिले काही दिवस मुलगा पाठ फिरवून बसे. मग चहा येऊ लागला, मग चहाबरोबर समोसे. तीन आठवड्यांनी जखम भरली. मास्टरजी पुन्हा क्लिनिकमध्ये आले आणि मी मागे सरकले, तर म्हणाले, "नहीं, इसी बिटिया से कराएँगे. अब ये सबसे ज़्यादा डरेगी." मी कागद दोनदा वाचला, कापूस आणला, पाण्याच्या नळ्या आणल्या. ते डोळे मिटून शांत पडून राहिले.

गेल्या मार्चमध्ये गजभियेकाका निवृत्त झाले आणि दोघं भंडाऱ्याला परत निघाले. सामान बांधायला मी गेले होते. वर्तमानपत्रात कप गुंडाळताना मी इतके दिवस मनात असलेलं विचारलं, "मॅडम, तेव्हा तुम्ही मला रागावल्या का नाहीत?"

त्यांनी सुतळीची गाठ मारली. मग म्हणाल्या, "मी तुझ्याएवढी होती तेव्हा एका हमालाची पाठ भाजली. लेझर नव्हता, शेकायची पिशवी होती. तो झोपला आणि मी विसरली. मी त्याले सांगितलं, थोडं लाल होतेच. तो बिचारा 'धन्यवाद ताई' म्हणून गेला. परत आलाच नाही. त्याचं काय झालं, मले अजून माहीत नाही. तू तर त्याच दिवशी सांगितलं. तुझ्यावर काय रागवू?"

माझे डोळे भरून आलेले पाहून त्या लगेच उठल्या.

"रडू नको, कप ओले होतील. आणि कुकरचं झाकण कोणत्या खोक्यात टाकलंस ते आधी सांग. भंडाऱ्याला पोचल्यावर तुझ्या काकाले पहिल्यांदा भातच लागते."

झाकण सापडेना. मग आम्ही दोघींनी मिळून बांधलेली चौदा खोकी एकेक करून पुन्हा सोडली.