नेत्राणीचं पाणी आणि तुषारचा नकाशा

मुलगा पसंत करायला समुद्रावर जायचं, हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं. आम्ही बेंगळुरूचे जुने मराठी. आमच्याकडे मुलगा घरी येतो, उप्पीट खातो आणि जातो. पण तुषार पुण्याचा, सर्जापूर रोडला राहणारा, आकडे बघून पगार घेणारा. त्याला माझी ‘नीट ओळख’ हवी होती. आई म्हणाली, "सरी, चालेल, जा. पण अण्णाला ने. आल्यावर हो की नाही ते एकदाच सांग." अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ. खायला मिळणार असेल तर तो कुठेही येतो.

ठरलं मुरुडेश्वर, तिथून बोटीने नेत्राणी बेट आणि डायव्हिंग. पावसाळा नुकताच सरला होता. तारीख तुषारने समुद्राच्या तापमानाचा उपग्रह-नकाशा बघून काढली. गाडीने जाणार असाल तर उजाडायच्या आत निघा, नाहीतर बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्येच भूक लागते. क्यातसंद्रला ताटलीएवढी तट्टे इडली खा. पुढे शिवमोग्गा, सागर, मग होन्नावरचा घाट. रस्ता बरा आहे, वळणं वाईट आहेत. मला उलटी झाली तेव्हा तुषारने पाठ चोळली, पाणी दिलं. खरं सांगते, मला आवडला तो.

बाकी वाटभर व्याख्यान. वारा किनाऱ्याजवळचं वरचं गरम पाणी लांब ढकलतो, मग तळाचं थंड पाणी वर येतं. त्यात बारीक जीव माजतात, पाणी हिरवंगार होतं. मासे खूश, डायव्हिंगवाले रडकुंडीला.

"पण ते आता संपलंय. बघ, नकाशा सगळा लाल. लाल म्हणजे गरम, गरम म्हणजे नितळ. कासव दिसणार, गॅरंटी!"

"फोन ठेव रे स्वल्प," अण्णा ओरडला, "समोर बस आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट. माणशी पाच-सहा हजार धरा आणि उलटीची गोळी आधीच घ्या. वाटेत समुद्रावर एक लांबच लांब रेघ दिसली. फेस, गवत, बाटल्या. अलीकडे हिरवं पाणी, पलीकडे निळं, आणि वर पक्ष्यांची झुंबड. अय्यो, काय दिसत होतं ते! मी तुषारला हलवलं. तो म्हणाला, "हो, टेम्परेचर फ्रंट. दोन पाण्यांची हद्द," आणि पुन्हा फोनमध्ये. आमचं बेट हिरव्या बाजूला होतं.

उडी मारली. वर पाणी छान कोमट. थोडं खाली गेलो आणि बर्फाच्या पेटीत पाय घातल्यासारखं झालं. उपग्रहाला दिसतं ते वरचं कातडं. थंड पाणी त्याखाली ठाण मांडून बसलं होतं. माझी बोटंसुद्धा मला दिसेनात. एक मासा तेवढा कपाळावर आपटला. वर आले ती हसतच. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

तुषारही वर आला, ओठ निळे. मी वाट बघत होते. ‘चुकलं बुवा माझं’ एवढं म्हणाला असता तर बोटीतच हो म्हटलं असतं मी, देवाशपथ.

त्याने हात पुसून फोन काढला. "नकाशा करेक्ट आहे. आज पाणीच चुकीचं आहे."

मला वाटलं, विनोद केला. मी हसले. तो हसला नाही. परतताना शिवमोग्ग्यापर्यंत मला समजावत होता की माझे दात वाजले ते थंडीने नाही, भीतीने.

तुम्ही मात्र जाच. कासव न दिसलं तरी चालतं; ते हिरवं, गार पाणी अजून माझ्या अंगावर आहे.

घरी आईने विचारलं, "मग?"

"समुद्र चुकला म्हणाला."

आईने पेपर वाचणाऱ्या बाबांकडे एकदा बघितलं. "नको म्हणून कळवते," ती म्हणाली. "तुला विचारलं तरी. मला कुठे कुणी विचारलं होतं?"