नारळ पास झाला का?

ऑपरेशन थिएटरची कापडं रोज धुवायला जातात, किस्से मात्र तसेच साचत राहतात. माझं तर कपाट भरलंय! मी परभणीच्या एका छोट्या दवाखान्यात थिएटर सिस्टर होते आणि आमचे हाडाचे सर म्हणजे महाहट्टी. त्यातला हा किस्सा गयाबाईच्या मानेचा.

*

गयाबाई गंगाखेडकडची. कडब्याच्या गंजीवरून डोक्यावर पडली. मानेचा अगदी वरचा सांधा निखळला, हात बधिर व्हायला लागले. सर म्हणाले, "स्टीलची पट्टी बसवायची. एक टोक मणक्यांना, दुसरं कवटीच्या मागच्या हाडाला, स्क्रूनं."

मोठ्या शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला, तर ते हसले! "असली कामं परभणीत करायची नसतात. इकडं पाठवा."

त्यात विद्यापीठाच्या नामांतराचा बंद, रस्त्यात टायर जळायलेले. जीपच्या एका गचक्यात बाई गेली असती. सर फोनवरच कडाडले, "मान इथं मोडली, इथंच बसवीन!"

*

कवटीचं मागचं हाड मधोमध जाड, बाजूला पातळ. स्क्रू आखूड पडला तर निसटणार, लांब पडला तर थेट मेंदूत. म्हणून सरांनी नारळ मागवले. सोललेला नारळ घट्ट धरायचा, ड्रिल फिरवायचं आणि करवंटी संपायच्या आत थांबायचं. टोकाला पांढरं खोबरं दिसलं की नापास!

त्या आठवड्यात अख्ख्या स्टाफनं नापासांची चटणी खाल्ली. शेवटी मीच म्हटलं, "सर, चटणी लय झाली, आता पास व्हा!"

*

तेवढ्यात गयाबाईचा सासरा आला. "घरी नेतो. नशिबात असंल ते व्हईल."

गयाबाईचं डोकं वाळूच्या पिशव्यांमधे अडकवलेलं. छताकडं बघतच ती बोलली, "नशीब माझं हाय, मामंजी. तुमी कशाला नेता?"

मी टाळ्याच वाजवणार होते! सासरा बाहेर जाऊन बिडी ओढत बसला.

*

ऑपरेशनच्या सकाळी तिनंच सरांना विचारलं, "नारळ पास झाला का?"

"काल झाला. आज एक नापास."

"मंग अजून आणा की! डोस्कं माझं एकच हाय."

सर गुमान परत नारळाकडं गेले. पास होऊनच टेबलाजवळ आले. जरा ड्रिल फिरवायचं, थांबायचं, बारीक सळईनं तळ चाचपायचा. "हाड आहे... अजून हाड आहे..." मी एकेक स्क्रू पुढं करत गेले.

ती शुद्धीवर आली तेव्हा सर म्हणाले, "माझा हात दाबा." तिनं असा दाबला की सर ओरडले, "सोडा बाई, अजून ऑपरेशनं करायचीत!" मी मात्र रडले, खोटं कशाला सांगू.

*

पुढं बरी झाल्यावर तिनं मला जेवायला बोलावलं. एस.टी.नं गेले. त्या गावात पाराजवळून जाताना बायांनी मान खाली घालायची, असा रिवाज. पारावर मोठी माणसं बसलेली. आणि पट्टीमुळं गयाबाईची मान तर वाकेचना! ती आपली सरळ समोर बघत निघाली.

"ए, मान खाली घाल!" पारावरून एकजण डाफरला.

"वाकत न्हाई. स्क्रू हायत," गयाबाई म्हणाली आणि चालतच राहिली.

मी वळून बघितलं. तिच्यामागून रानातून परतणाऱ्या पाच-सहा बाया येत होत्या. सगळ्या ताठ, समोर बघत.

त्यांच्या मानेत तर एकही स्क्रू नव्हता!