तिजोरीकाकांच्या दोन दुरुस्त्या

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे तिजोरीकाका म्हणतात. बसथांब्यांवरच्या पाट्या पुढची बस किती मिनिटांत येईल ते दाखवतात ना, त्यामागचा प्रोग्रॅम त्यांचा. तो अख्खा त्यांच्या डोक्यात असायचा. कुठे टिपण नाही, कुठे खुलासा नाही. काही अडलं की काका डोळे मिटून सांगत, "वेळेच्या फाइलमध्ये बघ, शेवटाकडे." चूक तिथेच सापडायची.

मी त्यांच्या शेजारी बसायला लागले तोवर मात्र मिटलेले डोळे लवकर उघडेनासे झाले होते. "आलोच," म्हणून ते उठत आणि जिन्यात उभे राहून मोबाइलवर स्वतःचाच कोड वाचत. एकदा मी तिथून जाताना दिसले, तर म्हणाले, "कुणाला बोलू नकोस हं. विसरतो म्हटलं की घरी बसवतील. घरी बसून मी करू काय?"

एका दुपारी काकूंचा फोन आला. स्पीकर चुकून चालू राहिला.

"अहो, तुमची पाटी म्हणतेय बस गेली. बस माझ्यासमोर उभी आहे!"

"अगं, नीट बघ."

"चढतेय मी तिच्यात! आता कंडक्टरला देऊ का फोन?"

सगळे हसले. काकांनी घाईघाईने कोड उघडला. पाट्या बसची वेळ उशिराची दाखवतात, अशी तक्रार होती. काकांनी सकाळी ती जास्तीची मिनिटं वजा केली होती. जेवणानंतर तीच तक्रार वाचून, दुसऱ्या फाइलमध्ये, पुन्हा वजा केली होती.

"सकाळचंही मीच केलं?"

"हो, काका."

त्यांनी दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडून पाहिल्या. एक दुरुस्ती काढल्यावर पाट्या ताळ्यावर आल्या. मग ते उठले. "चल माझ्याबरोबर. एकट्याने जमायचं नाही."

आमच्या प्रमुख ताई काकांच्याच हाताखाली शिकलेल्या. काका खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत.

"आता डोक्यात राहत नाही, ताई. लपवून लपवून थकलो. काय ते तुम्ही ठरवा."

ताईंनी चक्क हुश्श केलं. "काका, तुम्ही रजेवर गेलात की आम्ही जीव मुठीत धरून बसतो. सगळं एकट्या तुमच्या डोक्यात! पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?"

"म्हणजे मांजर मी?"

"मांजर कसलं, बोका!"

काका मटकन खुर्चीत बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

आता ते बोलतात, मी टाइप करते. प्रत्येक बदलाचं कारण तिथल्या तिथे लिहायचं आणि तो बरोबर चालतो का हे आपोआप तपासणारी चाचणीही लगेच लिहायची, म्हणजे तीच दुरुस्ती कुणी दुसऱ्यांदा केली तर चाचणीच बोंब मारते. बारीकसारीक लक्षात ठेवणं माझ्याकडे आलं. काकांना मात्र भलतंच सुचायला लागलंय. मी भराभर लिहीत असते आणि हे मधेच विचारतात, "बस अर्ध्या वाटेतूनच परत फिरली तर? पुढच्या थांब्यावरची माणसं काय बघत बसणार?" माझी बोटं थांबतात. हा विचार मी केलेलाच नसतो.

काल ते सांगता सांगता अडकले. "काय म्हणत होतो गं मी?" भरल्या ऑफिसात, मोठ्याने.

"फेरी रद्द झाली तर, इथवर आला होतात."

"हां, लिही पुढे," म्हणत काकांनी टेबलाखाली पाय लांब सोडले.